रिपोर्ट नॉर्मल आहे, पण लघवी तपासली का?

सकाळी सात-साडेसातला जुनी इंदूरच्या गल्ल्यांत दोन प्रकारच्या मोटारसायकली हटकून दिसतात. एक दूधवाल्यांच्या, दुसऱ्या लॅबच्या मुलांच्या. पाठीवर चौकोनी पिशवी, हातात पत्ता उघडलेला मोबाइल आणि दारात आल्यावर ठरलेला प्रश्न, ‘माताजी, रात से कुछ खाया तो नहीं?’ बुकिंग बहुतेक वेळा मुलानं किंवा सुनेनं केलेलं असतं, पुण्याहून, बेंगळुरूहून, नाहीतर थेट अमेरिकेतून. आई-बाबांचं ‘फुल बॉडी चेकअप’. साठ-सत्तर तपासण्या, सवलतीत. संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ घरच्या ग्रुपवर येते. किडनीच्या पानावर युरिया, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, सगळे आकडे मर्यादेत, एकही ठळक अक्षरात नाही. कुणीतरी अंगठा टाकतं आणि लिहितं, ‘किडनी एकदम फर्स्ट क्लास.’

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. कारण ते वाक्य त्या पानावरून काढता येत नाही.

क्रिएटिनिन म्हणजे काय ते आधी बघू. आपले स्नायू दिवसभर काम करतात आणि त्यातून हा एक टाकाऊ पदार्थ तयार होतो, रोज साधारण सारख्याच प्रमाणात. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघून किडनीचं काम मोजायचं, ही पद्धत. पद्धत चांगली आहे, स्वस्त आहे, जगभर चालते. अडचण एवढीच की ती खबर उशिरा देते.

उशीर का होतो? दोन्ही किडन्यांत मिळून वीसेक लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं आणि लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर. इतकी मोठी यंत्रणा असल्यामुळे काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जास्तीचं काम अंगावर घेतात. एकत्र कुटुंबात एक जाऊ आजारी पडली तरी पंगतीला वेळेवर पान मिळतं, तसंच. बाहेरून कळतच नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या ओळखीच्या घरांतच सापडेल. आईनं मुलाला किंवा बायकोनं नवऱ्याला किडनी दिली आहे, अशी कुटुंबं आता इंदुरातही आहेत. त्या दात्यांकडे एकच किडनी उरलेली असते, तरी त्यांच्यापैकी अनेकांचं क्रिएटिनिन लॅबच्या ‘नॉर्मल’ मर्यादेत किंवा तिच्या अगदी काठावर असतं. दात्यांची नीट तपासणी करूनच किडनी घेतलेली असते, त्यामुळे त्यांची काळजी नको. पण एक अख्खी किडनी शरीरात नाही आणि रक्ताच्या रिपोर्टवर तारांकन नाही, यावरून तो आकडा किती सांगतो आणि किती सांगत नाही, ते कळतं.

यात आणखी एक गणित आहे. ढोबळमानानं किडनीचं काम निम्मं झालं की क्रिएटिनिन दुप्पट होतं. आता ज्या माणसाचं क्रिएटिनिन पूर्वी ०.६ होतं, त्याचं आज १.२ आलं असेल तर? पुरुषांसाठी बऱ्याच लॅबच्या कागदावर १.२ म्हणजे नॉर्मल, काही लॅब १.३ पर्यंतही मोजतात. तारांकन नाही, ठळक अक्षर नाही, आणि काम मात्र निम्म्यावर. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नयेत. आपल्याकडे दाखल्यांच्या आणि घरपट्टीच्या पावत्या तीन पिढ्या जपतात, पण २०१९ चा ब्लड रिपोर्ट दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. किडनीच्या बाबतीत लॅबच्या मर्यादेपेक्षा स्वतःच्याच जुन्या आकड्याशी केलेली तुलना जास्त बोलते.

आता एकाच घरातली दोन माणसं घ्या. सत्तर वर्षांच्या आजी, बारीक अंगकाठीच्या, आणि पंचवीस वर्षांचा नातू, रोज जिमला जाणारा. दोघांचंही क्रिएटिनिन १.१ आलं. दोघांच्याही कागदावर नॉर्मल. पण आजींच्या अंगावर स्नायूच कमी, म्हणजे त्यांच्या शरीरात मुळात क्रिएटिनिन तयार होतं तेच थोडं. ते थोडंसंही साठून १.१ झालंय. वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढण्याचं एक सूत्र आहे. त्यातून जो आकडा येतो त्याला ईजीएफआर म्हणतात. २०२१ च्या सूत्रात हे आकडे घातले तर नातवाचा ईजीएफआर ९५ च्या आसपास येतो आणि आजींचा ५४. हा आकडा ६० च्या खाली तीन महिने किंवा जास्त राहिला तर त्याला किडनीचा दीर्घ आजार म्हणतात. एकच १.१, एकाला निरोगी ठरवणारा आणि दुसरीला डॉक्टरांकडे पाठवणारा.

हल्ली बऱ्याच लॅब ईजीएफआर छापतात. क्रिएटिनिनच्या खाली बारीक अक्षरात तो असतो, बघायचा तोच. नसेल छापलेला तर लॅबला विचारा, नाहीतर मोबाइलवरच्या गणकात वय आणि क्रिएटिनिन घातलं तरी निघतो. उलट्या बाजूनंही फसगत होते. खूप व्यायाम करणारी, पिळदार शरीराची, क्रिएटिन नावाची पावडर घेणारी मुलं, यांचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असताना थोडं वर दिसू शकतं. आदल्या रात्री भरपूर मटण झालं असेल तरीही. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्ततपासणी सांगतात, ती स्नायूंवर इतकी अवलंबून नसते. म्हणजे घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही, आकडा कुणाचा आहे ते बघायचं.

पण ईजीएफआर हाही शेवटी रक्तातल्या क्रिएटिनिनवरूनच काढलेला. तो नव्वदीच्या वर असतानाही किडनीला इजा झालेली असू शकते. ती दिसते लघवीत.

आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येतंय. जुनी इंदूरचे रस्ते सकाळी झाडून लख्ख असतात, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वेळेवर येते. पण कान्ह नदीचं (जुनी मंडळी तिला खानच म्हणतात) पाणी कसं आहे हे रस्ता बघून कळत नाही. त्यासाठी पुलावर जाऊन खाली बघावं लागतं. रक्त हा रस्ता समजा. किडनी तो बराच काळ स्वच्छ ठेवते. तिला स्वतःला काय होतंय ते तिनं बाहेर सोडलेल्या पाण्यात बघायचं.

निरोगी गाळणी रक्तातली प्रथिनं जाऊ देत नाही. चहाच्या गाळणीचं जाळं सैल झालं की पावडर कपात उतरते, तसं किडनीची गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरू लागतं. मधुमेहात आणि बीपीमध्ये बहुतेक वेळा हे आधी होतं, क्रिएटिनिन नंतर वाढतं. मधली वर्षं हीच कामाची वर्षं.

ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक होऊन दोनशे वर्षं होत आली. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये आपली निरीक्षणं छापली. अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर थिजतो तशी ती थिजली, गढूळ झाली, तर त्यात अल्ब्युमिन आहे. पुढे असे रुग्ण दगावले तेव्हा शवविच्छेदनात त्यांच्या किडन्या खराब निघाल्या. कित्येक दशकं किडनीच्या आजाराला ‘ब्राइट्स डिसीज’ असंच नाव होतं. क्रिएटिनिन ओळखण्याची माक्स याफे यांची रंगाची पद्धत आली ती १८८६ मध्ये, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. जुनी तपासणी लघवीचीच. आणि आज सत्तर तपासण्यांच्या पॅकेजात नेमकी तीच राहून जाते, किंवा असते पण बाटली कुणी देत नाही. सकाळच्या घाईत आजी म्हणतात, ‘राहू दे रे, रक्त घेतलंस ना?’ मुलगाही पुढच्या घरी जातो.

इथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ‘युरिन रूटीन’ म्हणून जी साधी तपासणी होते, तिच्यातली रंगपट्टी अल्ब्युमिन बऱ्यापैकी जास्त असेल तेव्हाच रंग बदलते. सुरुवातीची थोडी गळती तिला दिसत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. तिचं नाव युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, बोलताना एसीआर. काही लॅबच्या यादीत ती ‘मायक्रोअल्ब्युमिन’ नावाखाली सापडते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे बरीच. टाइप-२ मधुमेह कळल्या दिवसापासून वर्षातून एकदा ही तपासणी व्हायला हवी, टाइप-१ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी. बीपी असलेल्यांनीही डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारावं. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून जास्त आहेत. आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारच्या घरात एक तरी आहेच.

आमच्या नात्यातले एक काका सियागंजमध्ये दुकान सांभाळतात. वय ६२, बारा वर्षांपासून शुगर, गोळ्या नियमित, दरवर्षी पॅकेज. त्यांचे थोरले बंधू शेवटची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होते, त्यामुळे किडनीचं पान काका सगळ्यात आधी उघडत. सहा वर्षांत क्रिएटिनिन ०.७, ०.८, ०.९ करत १.१ झालं होतं. प्रत्येक वेळी नॉर्मल. संध्याकाळी मोजे काढले की पायावर खळगा पडायचा, तर म्हणायचे, दिवसभर काउंटरवर उभं राहून होतं. काकूंच्या लक्षात आलं होतं की रात्री तीनदा उठतात. ते म्हणाले, वय झालं. शेवटी बीपी वाढलं म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी फाइल न उघडताच विचारलं, ‘लघवीचं एसीआर कधी केलंय?’ कधीच नव्हतं केलं. आलं ६४०. पुन्हा केलं, तेवढंच. ईजीएफआर ७६, म्हणजे रक्तावरून बघाल तर फारसं काही बिघडलेलं नाही. सहा वर्षांपूर्वीच्या ०.७ चा हिशेब काढला तर तो १०८ होता. ही उतरण फाइलमध्ये सबंध वेळ पडून होती, फक्त कुणी ते चार कागद शेजारी शेजारी ठेवले नव्हते.

त्यांची गोष्ट इथे सांगितली कारण ती संपलेली नाही. गोळ्या बदलल्या, मीठ उतरलं, आठ महिन्यांनी एसीआर २१० वर आलं. डॉक्टर म्हणतात, अजून खाली आणू. थोरल्या बंधूंच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं म्हाताऱ्यांचं, असं वाचून तरुण मंडळींनी पान उलटू नये. तुमच्या मांडीवरच्या मुलाचंही यात एक प्रकरण आहे. चार-पाच वर्षांचं मूल सकाळी उठतं तेव्हा डोळे सुजलेले. दुपारपर्यंत सूज उतरते. घरातले म्हणतात धुळीची अॅलर्जी, कुणी म्हणतं रात्री मोबाइल बघितला, कुणी दृष्ट काढतं. अॅलर्जीचं औषध चालू राहतं. मग पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक रुततं, लघवीला फेस येतो आणि ती कमी होते. याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. यात गाळणीतून प्रथिनं भराभर वाहून जातात, रक्तातलं अल्ब्युमिन घसरतं, आणि क्रिएटिनिन मात्र बहुतेक मुलांत नॉर्मल असतं. रक्ताची किडनी टेस्ट करून ‘काही नाही’ म्हणून घरी आलात तर चुकामूक झालीच. साधी लघवीची पट्टी या मुलांत लगेच गडद रंग दाखवते, इथे एसीआरचीही वाट बघावी लागत नाही. बहुतेक मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतार पडतो. आजार पुन्हा पुन्हा डोकावतो, म्हणून आई-वडिलांना घरीच सकाळची लघवी तपासून वहीत लिहायला शिकवतात. अशा वह्या चोख लिहिणाऱ्या आया बघितल्या की डॉक्टरसुद्धा मान डोलावतात.

विशी-तिशीतला प्रकार वेगळा. घसा बसला, ताप आला आणि एक-दोन दिवसांतच लघवी कोकाकोलासारखी किंवा काळ्या चहासारखी झाली. दोन दिवसांत रंग गेला, माणूस विसरला. आयजीए नेफ्रोपॅथी नावाच्या आजाराची ही ओळखीची चाल आहे, आणि त्यात सुरुवातीला रक्ताचे आकडे बिनतक्रार असतात. बीट खाल्ल्यावरही लघवी लाल होते हे खरं, पण बीट खाल्लं होतं का ते आठवत नसेल तर बाटली भरून लॅबला द्या. तिसरा प्रकार घराण्यातून येतो. पॉलिसिस्टिक किडनीत पाण्याच्या पिशव्या वर्षानुवर्षं वाढत राहतात. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. यात क्रिएटिनिन चाळिशी-पन्नाशीपर्यंतही शांत राहू शकतं, सोनोग्राफी मात्र खूप आधी सांगते. आजोबा ‘किडनीनं गेले’ एवढंच ठाऊक असेल तर किडनीला काय झालं होतं ते एकदा मोठ्यांना विचारून ठेवा. लग्नाच्या वेळी गोत्र विचारतो तितकं तरी हे विचारण्यासारखं आहे.

शरीर काही सांगतं का? सांगतं, पण पुटपुटतं. लघवीवरचा फेस फ्लश केल्यावरही टिकून राहतो, आणि एक दिवस नाही, रोज. (संडासात ताजं क्लीनर टाकलं असेल तर तो फेस मोजू नका.) सकाळी डोळ्यांखाली, संध्याकाळी घोट्यांवर सूज. रात्री लघवीला उठणं वाढणं. पूर्वी नव्हतं ते बीपी होणं, किंवा होतं ते दोन-तीन गोळ्यांनाही न जुमानणं. तिशीच्या आत बीपी निघालं तर किडनी बघितल्याशिवाय गोळी सुरू करून मोकळं होऊ नये. कारण न सापडणारा रक्ताचा अशक्तपणा. भूक मरणं, अंगाला खाज, ओकारी ही लक्षणं फार उशिराची. आणि कंबर दुखते म्हणून ‘किडनी तर नाही ना?’ असं विचारणारे सगळ्यात जास्त भेटतात. मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर दुखतं. गाळण्या झिजण्याचा हा जो आजार आहे, तो बहुधा दुखतच नाही. दुखला असता तर इतका उशीर झाला नसता.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लघवी चांगली आली की पुन्हा अंगठा टाकून मोकळे व्हाल. आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव खानदेशात, वऱ्हाडात. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी क्षारयुक्त, आणि तिथल्या गावांमधून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. आंध्रातलं उद्दानम, छत्तीसगडमधलं सुपेबेडा ही नावंही बातम्यांत वाचली असतील. मधुमेह नाही, बीपी नाही, तरी किडनी झिजते. कारणांवर अजून वाद आहेत. पण या जातीच्या आजारात लघवीतून प्रथिन फारसं जात नाही. तिथे क्रिएटिनिन आणि ईजीएफआरच आधी बोलतात. म्हणून रक्त आणि लघवी ही जोडी आहे. बीपीचं यंत्र तिसरं. गरज पडली तर सोनोग्राफी चौथी.

एका डॉक्टरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असलेले जयप्रकाश नारायण १९७५ च्या नोव्हेंबरात सुटले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या होत्या. ८ ऑक्टोबर १९७९ ला निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे किडनीतज्ज्ञ होते डॉ. एम. के. मणी. डायलिसिस देशात मोजक्या ठिकाणी होतं त्या काळातले हे नावाजलेले डॉक्टर. पुढे ते चेन्नईला गेले, आणि तिथे किडनी हेल्प ट्रस्टतर्फे त्यांनी काय सुरू केलं बघा. शहराजवळच्या खेड्यांत, सुमारे २५ हजार वस्तीत, शाळा शिकलेल्या गावच्याच मुलींना तयार केलं. त्या घरोघर जायच्या, बीपी मोजायच्या, आणि लघवीत एका आम्लाचे थेंब टाकून ती गढूळ होते का बघायच्या. ब्राइट यांच्या चमच्याचीच ही धाकटी बहीण. ज्यांच्यात काही सापडलं त्यांना बीपी-शुगरची स्वस्तातली स्वस्त, जुनी औषधं. माणशी वर्षाचा खर्च अगदी थोडके रुपये. ज्या माणसानं देशातल्या सर्वात प्रसिद्ध रुग्णाचं डायलिसिस केलं, त्यानं उतारवयात थेंबाच्या तपासणीवर भर दिला, हे मला फार बोलकं वाटतं.

गळती सापडली तर करायचं काय, हा पुढचा प्रश्न. पूर्वी याचं उत्तर फार उत्साहाचं नव्हतं. आता आहे. बीपीच्या गोळ्यांतला एक गट (नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या) बीपीबरोबर गळतीही कमी करतो. मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या किडनीची झीज मंदावतात, मधुमेह नसलेल्यांतसुद्धा. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि तिची किंमत मध्यमवर्गी घराला झेपेल अशी झाली. अर्थात कुणाला कोणती, किती, हे डॉक्टर ठरवतील. शेजारच्या काकांची गोळी चांगली म्हणून आपणही घ्यायची, हा उद्योग इथे महागात पडतो.

घरात जे थांबवता येतं त्यात पहिल्या नंबरला गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, एसेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या मेडिकलवाल्याकडून मागून आणलेल्या गोळ्या म्हाताऱ्यांच्या किडनीला फार जड जातात. त्यात बीपीची गोळी चालू, लघवी वाढवणारी गोळी चालू, बाहेर मे महिन्याची लू आणि आजी पाणी कमी पितात कारण सारखं उठावं लागतं. असं सगळं एका दिवशी जुळलं तर चांगली किडनीही आडवी पडू शकते. पॅरासिटॅमॉल या गटातलं नाही, तरी तेही विचारूनच. कुणी दिलेली, नाव नसलेली भस्मं आणि पुड्याही याच यादीत.

दुसरं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे एक लहान चमचा, सगळ्यात मिळून. आता आपल्या इंदुराचा दिवस बघा. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जीरावन, दुपारी जेवणात लोणचं-पापड, चारला पुन्हा शेव-परमल, रात्री सराफ्यात जे समोर येईल ते. चमचा न्याहारीतच संपला की. इंदूरकराला शेव सोडायला सांगणं म्हणजे घर सोडायला सांगण्यासारखंच, ते मी सांगणार नाही. पण पोह्यांत मीठ आहे, वरून जीरावन नको, एवढं बीपीवाल्या घरात जमावं.

आता प्रत्यक्ष नमुन्याचं. पुढच्या वेळी पॅकेज बुक कराल तेव्हा यादीत एसीआर आहे का बघा. नसेल तर वेगळं जोडा, पॅकेजच्या मानानं ते काही फार महाग नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची. बाटली आदल्या दिवशीच लॅबमधून मागवून ठेवा म्हणजे सातच्या घाईत राहून जाणार नाही, आणि भरल्यावर दोन-एक तासांत पोचवा. ताप असताना, लघवीची जळजळ असताना, पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी जोरदार धावपळ, ट्रेकिंग वगैरे झालं असेल तर थांबा, कारण तेव्हा आकडा उगाच वाढतो. एकदा वाढलेला आला म्हणून ठप्पा बसत नाही. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करतात, तीनपैकी दोनदा वाढलेला आला तर तो खरा धरतात. आणि आई-बाबा दुसऱ्या गावी असतील तर फोनवर ‘रिपोर्ट नॉर्मल आला का?’ असं न विचारता तीन आकडे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा: ईजीएफआर किती, एसीआर किती, बीपी किती. मागच्या वर्षीचेही विचारा. ते सापडायला दहा मिनिटं लागतील, कपाटावरची पिशवी काढावी लागेल, ‘कशाला आता?’ असंही ऐकावं लागेल. फोन ठेवू नका, थांबा.